बुरशीच्या आक्का

आक्का आधी वास घ्यायच्या आणि मग बोलायच्या. समोर मक्याचं पोतं असो, बंद पडलेला पंप असो की नवा माणूस, त्यांचं नाक आधी पुढं यायचं. मी नोकरीवर रुजू झालो त्या दिवशी त्या माझ्याजवळ आल्या, मान जरा तिरकी करून माझ्या खांद्याशी एक लांब श्वास घेतला आणि विचारलं, "घरात कोण आजारी हाय रं?" माझे वडील त्या आठवड्यात बेळगावला दवाखान्यात होते. मी रात्रभर त्यांच्या उशाशी बसून सकाळी तसाच बस पकडून आलो होतो, आणि हे कुणालाही सांगितलं नव्हतं. माझ्या शर्टाला फिनेलचा वास लागला होता एवढंच, त्यात जादू काही नव्हती. तरी पहिल्याच दिवशी कुणीतरी आपल्याला हुंगून उघडं पाडावं हे पचनी पडायला मला वेळ लागला.

आमचा कारखाना निपाणीहून चिकोडीकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. तिथं मका आणि तांदळाची कणी येते आणि तिचं इथेनॉल होऊन पेट्रोलमध्ये मिसळायला जातं. सांगायला हे सोपं आहे. अडचण अशी की इथेनॉल करणारं यीस्ट फक्त साखर खातं, धान्यातल्या स्टार्चला ते तोंड लावत नाही. स्टार्चची साखर आधी कुणीतरी करून द्यावी लागते, आणि ते काम बुरशीतून निघणारं एन्झाइम करतं. हे एन्झाइम आमच्याकडे पिंपं भरून बाहेरून यायचं. ते आपलं आपण करावं असं कारखान्याच्या साहेबांच्या मनात आलं आणि त्यांनी आक्कांना आणलं. आक्का निपाणीच्या जैन घरातल्या. सूक्ष्मजीवशास्त्रात डॉक्टरेट, बेळगावच्या कॉलेजात सारा जन्म शिकवण्यात गेलेला, लग्न केलेलं नाही. भावाची तंबाखूची वखार होती, तिच्या माडीवर राहायच्या. मी बेळगावातल्या खासबागेतून कंपनीच्या बसनं यायचो, त्यांच्या हाताखालचा केमिस्ट. कागदोपत्री त्या मॅडम होत्या, पण वॉचमनपासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना बुरशीच्या आक्का म्हणायचे, आणि त्यांना ते आवडायचं.

कारखान्याच्या मागच्या अंगाला त्यांची खोली होती. तिला आम्ही कोंडाघर म्हणायचो. गव्हाचा कोंडा ओला करून वाफवायचा, पत्र्याच्या ताटांत पसरायचा, त्यावर बुरशीचं बी टाकायचं आणि दार लावून घ्यायचं. मग ती आपली आपण वाढते. आधी पांढरा कापूस येतो, मग तो पिवळसर होतो आणि शेवटी काळ्या बियांनी भरून जातो. कोंडा मधूनमधून हातानं परतायला गावातल्या चार बायका होत्या. त्यांच्या तोंडाला पदर असायचा, आक्कांच्या तोंडाला तोही नाही. त्या ताटावर वाकायच्या, डोळे मिटायच्या आणि छाती भरून वास घ्यायच्या. सुरुवातीला ओल्या मातीचा, मग भाजक्या शेंगांचा. त्या शेंगांच्या वासाला कडवट झाक यायच्या आत ताट काढायचं, असा त्यांचा हिशेब. मी मास्क पुढं केला की म्हणायच्या, "तोंड बांधून सैपाक कळतोय व्हय रं?" आणि मास्क कोटाच्या खिशात जायचा.

त्यांची दुसरी गंमत ही की ज्याला हात लावू नये असं त्यांच्या घरात शिकवलेलं, तेच त्यांनी आयुष्यभर पोसलं. कांदा, लसूण, बटाटा त्यांना वर्ज्य. शिळं वर्ज्य, अळंबी वर्ज्य. पाणी गाळून पिणार, आणि सूर्य मावळायच्या आत डबा खाऊन मोकळ्या. थंडीच्या दिवसांत संध्याकाळ लवकर व्हायची, तेव्हा त्या प्रयोगशाळेच्या खिडकीत बसून घाईघाईनं भाकरी खायच्या आणि पलीकडच्या काचेआड काळ्या बुरशीची ताटं. निपाणीकडच्या बायकांसारख्या त्या स्वतःबद्दल येतो, जातो असंच बोलायच्या. "जे मी खात न्हाय तेच मी वाढवतो, आणि वाढवतो तेच मारतो," म्हणायच्या. वापरून झालेला कोंडा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाच्या मोठ्या भांड्यात घालून निर्जीव करावा लागतो. त्याचं झाकण लावताना त्या दर वेळी णमोकार मंत्र पुटपुटायच्या. घाई असली तरी तो पुरा झाल्याशिवाय बटण दाबायच्या नाहीत.

बुरशी किती जोरकस आहे हे बघायची आमची एक पद्धत होती. काचेच्या चपट्या प्लेटमध्ये स्टार्चचा थर घालायचा, मध्ये बुरशीचा ठिपका ठेवायचा, ती वाढली की वरून आयोडीन ओतायचं. स्टार्च असेल तिथं सगळं काळंनिळं होतं. बुरशीनं जिथवर स्टार्च खाल्लं तिथवर मात्र स्वच्छ गोल उरतो. कोंडाघरातल्या बायका त्याला बांगडी म्हणायच्या. बाकीच्या बुरशींची बांगडी लहान मुलीच्या हातातली, पण आक्कांनी आणलेल्या एका बुरशीची बांगडी प्लेटच्या काठाला जाऊन भिडायची. काळी, कडेला तांबूस झाक असलेली. अशी मी कुठं पाहिली नव्हती. साहेब तर ती प्लेट पाहुण्यांना दाखवत फिरायचे. ही कुठं मिळाली म्हणून विचारलं की आक्का म्हणायच्या, नदीला.

मी खानापूरकडच्या शेतकरी घरातला, विज्ञान शिकलेला. मला उगाच घाबरायची सवय नाही. पण कोंडाघरात मला एकट्याला जायला आवडायचं नाही. बुरशी वाढीला लागली की कोंडा आपोआप तापतो. बाहेर थंडी असली तरी आत अंगाला अंग लागल्यासारखी ऊब असायची आणि काचेवर आतून दमट वाफ धरायची. धान्याचा कारखाना, त्यामुळं आवारात कावळ्या-पारव्यांची जत्रा. कोंडाघराच्या पत्र्यावर मात्र एक पाखरू बसायचं नाही. पत्रा तापत असेल, मी स्वतःला सांगायचो. आक्का भावाच्या मुलीच्या लग्नाला गेल्या तेव्हा त्यांनी सांगितलं तसंच सगळं मी केलं, तरी ताटं आंबली. त्या आल्या, खोलीत गेल्या, काहीतरी बोलल्यासारखं मला बाहेरून वाटलं, आणि पुढची ताटं झकास निघाली. याचं कारण मला आजही देता येत नाही.

त्या बुरशीचं मूळ मला त्यांनी एका संध्याकाळी डबा खाताना सांगितलं. त्यांच्या भावाच्या वखारीत एक हमाल होता. तो गेला. दहाव्याला आक्का माणुसकी म्हणून वेदगंगेच्या घाटावर गेल्या. भाताचा पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. लोकांनी सांगायला सुरुवात केली. पोरीचं लग्न करू, आईला सांभाळू, कुणाचं काही राहिलं असेल तर फेडू. कावळे वडावर बसून राहिले. ऊन चढलं तेव्हा शेवटी दर्भाचा कावळा करून शिवून घेतलं आणि मंडळी घरी गेली. आक्कांना मात्र तो भात डोक्यातून जाईना. त्या तीन-चार दिवसांनी नमुन्याची बाटली घेऊन पुन्हा घाटावर गेल्या. दगडाच्या आडोशाला पिंड तसाच होता. कावळा, मुंगी, कुत्रं, कुणी तोंड लावलेलं नव्हतं. वर काळी बुरशी चढली होती आणि खालचा भात विरघळून त्याचं गोड वासाचं पाणी झालं होतं. भाताची इतकी पुरी साखर करणारं त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. आमच्याकडचा दुसरा कुठलाही माणूस हात जोडून मागं फिरला असता. आक्कांनी वास घेतला आणि चिमट्यानं बुरशी उचलून बाटलीत घातली.

त्या हमालाची बायको मालन. कोंडाघरात ताटं परतणाऱ्या बायकांतली सगळ्यात गप्प बाई. आक्कांनी तिला न सांगता ती बुरशी वापरली नव्हती. घरी जाऊन, समोर बसून सगळं सांगितलं आणि विचारलं, चालेल का? मालन म्हणाली, मलाबी तितंच कामाला घ्या. म्हणून ती तिथं होती. सकाळी दार उघडलं की ती उंबऱ्यात जरा थांबायची, आत कुणी आहे का बघितल्यासारखी. बाकीच्या बायकांना थोडंफार कुणकुणलं होतं. त्या दाराला उदबत्ती लावायच्या, आणि आक्का ती धुरामुळं ताटं बिघडतात म्हणून काढून टाकायच्या. पण मालनच्या उंबऱ्यात थांबण्याला त्या कधी काही बोलल्या नाहीत.

कोरोनाची साथ ओसरल्यावर काळी बुरशी हे शब्द ऐकले तरी माणसं दचकायची. तो रोग वेगळा, आपली बुरशी वेगळी, असं आक्का सगळ्यांना समजावून सांगायच्या आणि सांगता सांगता खोकायच्या. तंबाखूच्या वखारीवर जन्मलेल्या माणसाला खोकल्याचं काय कौतुक, म्हणून त्यांनी तो अंगावर काढला. मग एक दिवस रुमालावर रक्त दिसलं. मी त्यांना बेळगावला घेऊन गेलो. तरुणपणी त्यांना क्षय झाला होता, तो बरा झाला पण उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला एक पोकळी ठेवून गेला होता. एक्स-रेत ती रिकामी नव्हती. आत एक गोळा होता. डॉक्टरांनी त्यांना कुशीवर झोपवून पुन्हा फोटो काढला तर गोळा घरंगळून खालच्या बाजूला आलेला. बुरशीचा गोळा असाच हलतो, डॉक्टर म्हणाले. परतीच्या वाटेत आक्का म्हणाल्या, "राती कूस बदलली की आत कोणतरी वळतंय असं वाटायचं. मला वाटलं वय झालं."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या सरळ माझ्या टेबलाशी. निर्जंतुक डबीत थुंकी आणली होती. म्हणाल्या, प्लेट लाव, स्टार्चची. मी टाळाटाळ केली, हे दवाखान्याचं काम आहे म्हटलं. त्यांनी डबी माझ्या हातात दिली. मी प्लेट लावली. बुरशी वाढली, काळी, कडेला तांबूस. मी आयोडीन ओतलं. प्लेट काळीनिळी झाली आणि मधली बांगडी काठापर्यंत स्वच्छ उघडत गेली. आक्कांनी ती उजेडात धरली, सवयीनं नाक जवळ नेलं आणि चेहऱ्यावर, खरं सांगतो, ओळखीचं माणूस दारात दिसल्यावर येतो तसा भाव आला. "आपलंच हाय," त्या म्हणाल्या.

मालन दाराशी ताटं घेऊन उभी होती. तिनं ते ऐकलं. आपल्याला काय झालंय ते आक्कांनीच तिला समजावून सांगितलं, छातीतली जागा, तिथं बसलेला गोळा, सगळं. मालननं ताटं खाली ठेवली. मग तिनं जे सांगितलं ते तिनं घाटावरसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं. नवरा जन्मभर दुसऱ्याच्या खोल्यांत भाड्यानं राहिला. कावळा शिवत नव्हता तेव्हा त्याला काय हवंय ते तिला एकटीला माहीत होतं, पण तोंडातून शब्द निघाला नाही. "घर पायजे हुतं त्यास्नी," ती म्हणाली. "मी कुठनं बांदनार? मेल्या मानसाला खोटं कसं बोलू? म्हून गप ऱ्हायलो." आणि आक्कांच्या छातीकडं बघत, अगदी हळू, "आता गावलं."

प्रयोगशाळेत आम्ही तिघंच होतो. मला वाटलं आक्का हसतील, समजूत घालतील, निदान विषय बदलतील. त्यांनी मालनच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आसू दे. भाडं न्हाय मागत मी."

पण त्या दिवसापासून त्यांनी एकच ध्यास घेतला. आपल्या छातीत शिरलं ते या बायकांच्या छातीत शिरलं असेल तर? त्यांनी चौघींना गाडीत घालून बेळगावला पाठवलं आणि फोटो काढायला लावले. साहेबांनी सगळ्यांना चांगले मास्क द्यायचं कबूल केलं, पंखे बसवतो म्हणाले, आणि कोंडाघर चालू ठेवा म्हणाले. एवढी बुरशी पुन्हा मिळणार नाही, हे त्यांचंही खरंच होतं. आक्कांनी वाद घातला नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला हाक मारली. फ्रीजमधल्या बियांच्या सगळ्या नळ्या, सगळ्या प्लेटी, ताटांतला कोंडा, सगळं ऑटोक्लेव्हमध्ये भरायला लावलं. आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम त्या स्वतःच्या हातानं संपवत होत्या. मी म्हटलं, एक नळी तरी ठेवू या. त्या म्हणाल्या, "बायकांची फुप्फुसं काय कंपनीची न्हाईत." झाकण लावलं आणि मंत्र सुरू केला. त्या दिवशी मध्येच खोकला आला की त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. किती वेळ आम्ही तसे उभे होतो कुणास ठाऊक.

साहेब भडकले. आक्कांना उद्यापासून येऊ नका म्हणाले. मला बाजूला घेऊन म्हणाले, कुठं एखादी नळी चुकून राहिली असेल तर बघ, लॅबची खुर्ची तुझी. नळी राहिली नव्हती. आता ती बुरशी जगात एकाच ठिकाणी जिवंत होती, आणि तेवढा फुप्फुसाचा भाग कापून काढायची तारीख डॉक्टरांनी दिली होती. मी आदल्या दिवशी दवाखान्यात भेटायला गेलो. आक्का खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या, श्वास पुरत नव्हता. त्यांनी स्वतःबद्दल अवाक्षर काढलं नाही. बायकांचे फोटो कसे आले ते विचारलं. चौघींचेही स्वच्छ आले आहेत म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि उगाच बसू नको, बस चुकेल म्हणाल्या.

शस्त्रक्रियेपर्यंत त्या पोचल्याच नाहीत. पहाटे मोठी उलटी झाली रक्ताची, आणि सगळं संपलं. निपाणीला नेलं, भावानं अग्नी दिला. मी रडलो, आणि कुणी बघितलं तर बघू दे असं वाटलं. मालन बायकांत उभी होती. तिची नजर चितेवर नव्हती, धुरावर होती. तो वर न जाता बराच वेळ नदीच्या अंगाला पसरत राहिला. हवा तशी होती त्या दिवशी.

पुढच्या आठवड्यात त्या दवाखान्याच्या लॅबमधल्या मित्राचा फोन आला. तो माझा कॉलेजातला. म्हणाला, तुमच्या मॅडमची थुंकी तपासणीला घेतली होती, त्यातून जोरात बुरशी आली आहे. पेशंट गेला की आम्ही टाकून देतो, पण तुला बघायची असेल तर ये. मी फोन ठेवला. मग मालनच्या घरी गेलो. हे मी एकट्यानं ठरवू नये असं वाटलं. ती काही न विचारता पायात चप्पल सरकवून निघाली.

मित्रानं प्लेट आमच्यासमोर ठेवली. काळी, कडेला तांबूस, एवढ्या दिवसांत काठापर्यंत पोचलेली. मी मालनला सरळ सांगितलं. ही ठेवली तर साहेब खोली पुन्हा चालू करतील, तुम्ही बायका पुन्हा त्या ताटांवर वाकाल. नाही ठेवली तर हे कायमचं गेलं, कुठं काही उरणार नाही. मला ती मारवत नव्हती. त्यात खुर्ची होती हे खोटं नाही, पण त्याहून जास्त हे होतं की आक्कांच्या अंगातून आलेलं जिवंत असं जगात तेवढंच राहिलं होतं.

मालन प्लेटवर वाकली. पदर तोंडाला लावलेलाच होता. मग सरळ झाली आणि म्हणाली, "जाऊ द्या आता दोगास्नी."

मित्रानं प्लेट नेली. तुम्ही थांबायची गरज नाही, तो म्हणाला, तरी आम्ही थांबलो. बाहेरच्या बाकावर बसलो. दवाखान्याची माणसं येत-जात होती, कुणीतरी नारळपाणी घेऊन चाललं होतं. आतून वाफ सोडल्याचा लांब आवाज आला तेव्हा मालन उठून उभी राहिली, हात जोडले आणि नवऱ्याचं नाव घेतलं. इतक्या दिवसांत तिच्या तोंडून ते मी कधी ऐकलं नव्हतं. आमचं मालक, एवढंच ती म्हणायची. त्या नावापाठोपाठ तिनं आणखी एक नाव घेतलं. ते आक्कांचं आहे हे कळायला मला क्षणभर वेळ लागला, कारण मीही ते कधी उच्चारलं नव्हतं.